लोकलमधून नेता येईल अशी सेमी-हॉलो गिटार

प्रश्न : जॅझ, ब्लूज आणि भावगीतांची साथ, या तिन्हींसाठी दादरहून लोकलने नेता येईल अशी आटोपशीर सेमी-हॉलो (अर्धपोकळ अंगाची) इलेक्ट्रिक गिटार कोणती घ्यावी?

उत्तर : गिब्सन या कंपनीने १९५८ साली आणलेल्या ईएस-३३५ या गिटारीच्या पोकळ अंगात मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा होता, आणि त्यामुळे आवाज वाढवल्यावर होणारा फीडबॅकचा, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून उठणाऱ्या शिट्टीचा, त्रास पुष्कळ कमी झाला; तोच ठोकळा असलेली, परंतु अंगाने लहान अशी ईएस-३३९ किंवा तिच्या धर्तीची गिटार आपण पाहावी. मला मात्र हंबकर पिकअपची (तारांची कंपने टिपणाऱ्या, दोन कॉईल म्हणजे तारेची वेटोळी असलेल्या भागाची) एक कॉईल बंद करण्याची सोय फार मोलाची वाटते, कारण भावगीताच्या साथीला शोभणारा पातळ, स्वच्छ स्वर तिच्यामुळे मिळतो. मुंबईच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, त्यामुळे वादनानंतर त्या कोरड्या कापडाने पुसाव्यात.