सीओपीडी, आकडेमोड आणि तुझ्या आईचा प्रश्न

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. आजोबांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. डॉक्टरांनी चार गोष्टी तपासून त्यांचा ‘बोड’ स्कोअर काढला. तेव्हापासून मला यातच काम करावंसं वाटतंय. आई म्हणते, माणूस कधी जाणार हे मोजायचं, हे काय काम झालं? डॉक्टर न होता यात शिरता येतं का? मशीन लर्निंगचा कोर्स करू का?

उत्तर : आईचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुझ्यापेक्षा अवघड आहे.

हा स्कोअर माणूस कधी जाणार ते सांगत नाही. सारखीच लक्षणं असलेल्या पुष्कळ रुग्णांचं पुढे काय झालं, एवढंच सांगतो. २००४ मध्ये तो मांडला गेला. त्याआधी मुख्य भर असायचा तो पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फुंकली जाते यावर. त्याला उंचीच्या मानाने वजन, धाप आणि सहा मिनिटांत कापलेलं अंतर यांची जोड दिली, तेव्हा अंदाज सुधारला. फुप्फुस प्रत्यारोपणासाठी कोणाला कधी पाठवायचं, हे ठरवताना हा स्कोअर बघतात. आईला हे सांग.

आता तू. डॉक्टर व्हायची गरज नाही, जैवसंख्याशास्त्रात एम.एस्सी. कर. मशीन लर्निंग नंतर. आधी कागदावर एक गणित सोडव. दहा रुग्ण आहेत. पहिल्या वर्षी एक दगावला. मग तिघं पुन्हा फिरकलेच नाहीत. उरलेल्या सहांपैकी दुसऱ्या वर्षी एक गेला. दोन वर्षं जगण्याचं प्रमाण किती? न फिरकलेल्यांना मृत धरलं तर ५० टक्के, जिवंत धरलं तर ८०. कॅप्लान आणि मायर यांची १९५८ सालची पद्धत म्हणते, ज्याची माहिती जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच त्याला मोजा : नऊ दशांश गुणिले पाच षष्ठांश, म्हणजे ७५. अर्थात ते तिघं तब्येत ढासळल्यामुळेच यायचे थांबले असतील, तर हे ७५ही फसवं. ही शंका तुला आपणहून आली पाहिजे. ती येत नसेल तर कितीही भारी सॉफ्टवेअर हाताशी असून उपयोग नाही. (माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना सॉफ्टवेअरचं नाव आधी पाठ असतं.) याच्यापुढे कॉक्सचं १९७२ सालचं मॉडेल (वय, धाप अशा एकेका गोष्टीने धोका किती बदलतो ते काढणारं), आणि त्याच्यापुढे हवं ते.

नोकऱ्या औषधचाचण्यांच्या कंपन्यांत, मोठ्या रुग्णालयांच्या संशोधन विभागांत, विद्यापीठांत असतात. दिवसाचा बराच वेळ अर्धवट भरलेल्या नोंदी निस्तरण्यात जातो, हे आत्ताच सांगून ठेवते.

पुढच्या वेळी आजोबांबरोबर जाशील तेव्हा ते आणि तिथले लोक हो म्हणाले, तर ती सहा मिनिटं चालण्याची चाचणी बघ. तीस मीटरचा सपाट बोळ, दोन्ही टोकांना खुणा. दम लागला की रुग्ण भिंतीला टेकून थांबतो, पण घड्याळ थांबवत नाहीत. या स्कोअरमध्ये गुण जास्त म्हणजे धोका जास्त : ३५० मीटर किंवा जास्त झालं तर शून्य गुण, १५०च्या आत राहिलं तर तीन. पुढे तुझ्या तक्त्यात एका रकान्यात ‘२१०’ एवढंच लिहिलेलं येईल. त्या २१०मध्ये तो माणूस किती वेळा भिंतीला टेकला, ते त्यात नसतं.