मनगट अजून हवेत आहे

प्रिय मुली,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा निरोप सकाळी वाचला. 'मॅडम, शवासनात मला शांत वाटतच नाही, उलट छातीत धडधडतं. बाकीच्या सगळ्या किती छान पडून असतात. मी बंद करते.' पोळ्या लाटताना मनातल्या मनात तुला उत्तर देत होते, तेच आता लिहून काढते.

मागच्या मंगळवारी मी तुझं उजवं मनगट उचललं आणि कानाशी म्हटलं, हात माझ्याकडे सोपव. तू म्हणालीस, 'सोपवला.' मी माझा हात अलगद काढून घेतला. तुझा हात तिथेच राहिला, जमिनीपासून वीतभर वर. तुला पत्ताच नव्हता. सैल सोडलेला हात ओल्या टॉवेलसारखा धपकन खाली पडतो. तुझा पडला नाही, कारण तो तूच धरून ठेवला होतास. तू खोटं बोलली नाहीस, तुला खरंच वाटत होतं की सोडलाय. सगळा घोळ इथेच आहे. आवळून धरणं इतकं अंगवळणी पडलंय की आवळलंय हेच कळत नाही.

म्हणून सांगते, शांत होणं हे तुझं काम नाही. तुझं काम सैल सोडण्याचं. शांतता आली तर येऊ दे, पण तिची वाट बघत पडू नकोस.

मला हे फार उशिरा कळलं. अकरा वर्षं मी वर्गाच्या शेवटी हळू आवाजात सांगत आले, 'मन शांत करा, विचार सोडून द्या.' बासरीची कॅसेटही लावायचे. बायका डोळे मिटून पडायच्या आणि मला वाटायचं, जमतंय. त्यातली एक मध्येच यायची बंद झाली. कित्येक वर्षांनी ती मंडईत भेटली. म्हणाली, 'बाई, तुम्ही मन शांत करा म्हणालात की मला उद्याचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं एकदम आठवायचं. वाटायचं, मला एकटीलाच जमत नाही.' ती स्वतःला कमी समजून गेली, आणि चूक माझी होती. तिचा जबडा आवळलेला आहे का, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. दात घट्ट मिटून पडलेल्या बाईला मी मन मोकळं करायला सांगत होते! ती टोचणी अजून गेलेली नाही. तू लिहिलंस 'बाकीच्या सगळ्या', आणि मला तीच दिसली.

विचार बंद करायचं बटण कुणाकडेच नाही. स्नायू मात्र आपल्या हातात आहेत. शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकात याच धाग्यावर उपचार उभा केला. एक स्नायू मुद्दाम आवळायचा, ताण कसा लागतो ते नीट ओळखायचं, मग सोडायचा. एका वेळी शरीराचा एखादाच भाग घेऊन ते रुग्णांना महिनोन्‌महिने शिकवत. महिनोन्‌महिने! आणि तू आठ दिवसांत चटई गुंडाळायला निघालीस. हठप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात शवासनाला एकच श्लोक आहे. प्रेतासारखं उताणं पडावं, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो. त्यातला क्रम बघ, थकवा आधी आला आहे, चित्त नंतर.

आज रात्री उताणी पडू नकोस. डाव्या कुशीवर हो, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घे, डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल. सतत सावध राहायची सवय लागलेल्या माणसाला डोळे मिटून निपचित पडलं की स्वतःच्या छातीचे ठोकेही मोठे ऐकू येतात. असं पुष्कळांचं होतं, तू बिघडलेली नाहीस. उजवी मूठ पाच-सहा सेकंद आवळ, मग एकदम सोड आणि अर्धा मिनिट नुसतं बघ, बोटांत काय होतंय. मग डावी. मग खांदे कानांकडे ओढून सोड. शेवटी जबडा. वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागलेले नकोत, जीभ टाळूवरून खाली उतरू दे. जिभेला विसरू नकोस, तू न बोलताही दिवसभर तिने बोलत असतेस. पाच मिनिटं पुरेत. विचार येतील, येऊ देत. तू त्यांच्याशी भांडू नकोस, जबडा परत तपास. तुझं काम सैल सोडण्याचं.

मनगटावरचं ते घड्याळ आधी काढून ठेव. ठोके किती झाले हे दर मिनिटाला बघणारी मुलगी सैल कशी पडेल? ती परीक्षेलाच बसलेली असते.

लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत शिकत असताना मी डॉ. के. के. दाते यांच्या कामाबद्दल पहिल्यांदा ऐकलं. ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास आत येताना नाकपुडीला गार लागतो, बाहेर जाताना कोमट, एवढ्याकडेच लक्ष द्यायचं. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. सगळ्यांना गुण आला नाही, हेही त्यांनी मांडलं. आणि गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या, रुग्णांनी आपल्या मनाने नाही. तुझ्या आईला बीपीचा त्रास आहे म्हणालीस, म्हणून मुद्दाम लिहिते.

तू विचारलं होतंस, मी आधीची जागा का सोडली. तिथे शवासन पाच मिनिटांवर आणा म्हणाले, सूर्यनमस्कार वाढवा, लोक घाम गाळायला पैसे देतात. मी वीस मिनिटांवर अडून बसले. घरचे अजून म्हणतात की हट्टीपणा केलास, चांगला पगार होता. केला असेल हट्ट. पण दमून आलेल्या माणसाला आणखी दमवून, दोन मिनिटं आडवं करून रस्त्याला लावायचं, हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. घरी तुला मी पाचच मिनिटं सांगितली, कारण तिथे तू एकटी आहेस. वर्गात मी शेजारी बसलेली असते, म्हणून तिथे वीसच. यात मी माघार घेणार नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐक. पडल्यावर जुनं काही भीतीदायक डोळ्यांसमोर येत असेल, श्वास कोंडत असेल, तर उठून बस, पाय जमिनीला टेकव, दिवा लाव. पुन्हा पुन्हा झालं तर डॉक्टरांकडे जायचं, मी येईन सोबत. आणि ते झोपेचं वेळापत्रक! आठवड्यात तीनदा शिफ्ट बदलते, त्यावर माझ्याकडे औषध नाही. तुझ्या साहेबांशी बोलायला तू घाबरतेस, ते तुलाच बोलावं लागेल.

गुरुवारी सहाला ये, वर्गाच्या अर्धा तास आधी. खिडकीजवळची जागा ठेवते, मानेखाली घ्यायला जुना पंचाही आहे माझ्याकडे. त्या दिवशी मी पुन्हा तुझं मनगट उचलणार आहे.

तुझी,
योगाच्या बाई