कोल्हासुर खरा की रूपक? घरातल्या भांडणावर माझं उत्तर

तुझी आजी म्हणते करवीर माहात्म्यातला, म्हणजे कोल्हापूरच्या देवीच्या जुन्या पोथीतला, देवीनं मारलेला राक्षस कोल्हासुर खराच होता, तू म्हणतोस रूपक, आणि ललितापंचमीपासनं दोघांचं बोलणं बंद, असं लिहिलायस म्हणून जरा सविस्तर टाइप करतो.

आधी ते 'शब्दशः घेणारे अडाणी आणि रूपक म्हणणारे शिकलेले' डोक्यातनं काढ भावा. हा वाद लई जुना हाय आणि मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते ठरवणाऱ्या जुन्या पंडितांनी, त्याचे नियमच करून ठेवलेत. वेदात 'आदित्यो यूपः' असं वाक्य आहे, म्हणजे यज्ञाचा खांब हाच सूर्य, आता लाकूड सूर्य कसं होईल, तर ते म्हणाले ही स्तुती आहे, तूप चोपडल्यावर खांब चकाकतो म्हणून तसं म्हटलंय. शंकराचार्य तर गीताभाष्यात सरळ लिहितात की शंभर श्रुतींनी (वेदवाक्यांनी) 'अग्नी थंड आहे' म्हटलं तरी ते प्रमाण होत नाही.

पण म्हणून वाट्टेल तिथं रूपक काढायचं नाही. सरळ अर्थ अडला पाहिजे, आणि नवा अर्थ त्याला चिकटून पाहिजे. आपण 'पंचगंगेवर जाऊन येतो' म्हणतो तेव्हा कोण पाण्यावर चालत नाही, घाटावरच जातो की. संस्कृतात हेच उदाहरण 'गंगायां घोषः' म्हणून देतात, गंगेवर गवळीवाडा, म्हणजे काठावर. काठच घ्यायचा, हिमालय नाही!

गांधीजींनी कुरुक्षेत्र मनातलं युद्ध मानलं, टिळकांनी 1915 च्या गीतारहस्यात कर्मयोग काढला. मला गांधीजींचा अर्थ आवडतो, पण पहिल्या अध्यायात कुणी कुठला शंख फुंकला इथपर्यंत यादी आहे, तिथं तो जरा ओढून बसवल्यासारखा वाटतो. असो.

तू ललितापंचमीला कोल्हापुरात टेंबलाई देवीच्या टेकडीवर कोहळा फोडताना बघितलायस का? कुमारिकेच्या हातनं त्रिशूळ लागला की तुकड्यासाठी जी झुंबड उडते, मला एकदा मिळालेला, बिया-पाणी कोपरापर्यंत, शर्टाची वाट लागली, पण रुमालात बांधून घरी आणला. माझ्या आजीला विचारलं, हा कोल्हासुर का गं? म्हणाली, "कोहळा हाय की रं, दिसत न्हाई व्हय? पर फोडताना राक्षसच म्हणायचं."

तुझ्या आजीलाही हेच विचार, आणि विचारताना हसू नको.