भाजीची दोन पातेली

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पन्नासेक घरांची. तरुणांनी उपासनेत कीबोर्ड आणि ड्रम आणले तेव्हापासून भजनवाले ज्येष्ठ रुसलेत. पंचांच्या निवडणुकीत दोन पॅनेलं झाली. आता देवळात डावीकडचे बाक एका गटाचे, उजवीकडचे दुसऱ्याचे. कापणीच्या सणाला प्रीतिभोजनात भाजीची दोन पातेली आली आणि ज्यानं त्यानं आपापल्या पातेल्यातलंच वाढून घेतलं. खरं सांगायचं तर गट वाद्यांवरून नाही, आडनावांवरून पडलेत. सगळ्यांना ते माहीत आहे, बोलत कुणी नाही. तालुक्याच्या गावी एक नवी फेलोशिप, म्हणजे वेगळी प्रार्थना-मंडळी, निघालीय, तिथं फार प्रेमानं वागवतात. तिकडं जावं का?
– एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. कीबोर्डचं आधी उरकून टाकते, कारण ते सोपं आहे. ज्येष्ठांना सांगा, पेटीचं मूळ पॅरिसचं आहे. आणि तरुणांना सांगा, ना. वा. टिळकांनी अभंगांत ख्रिस्ताला गाइलं तेव्हा तेही पुष्कळांना नवंच होतं. आपल्याकडची कितीतरी गीतं तोवर इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली असायची. दोन भजनं घ्या, दोन नवी गीतं घ्या आणि ड्रमवाल्या पोराला अधूनमधून तबलजींसमोर बसवा. ताल दोघांनाही लागतोच.

आता आडनावांचं. आमचे हे पाळक होते, त्यामुळे नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच मंडळ्यांचं मीठ मी खाल्लंय. बाप्तिस्म्याला पिढ्या उलटल्या तरी लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न चहाच्या आधी येतो. महार घरांतून आलेले आणि मांग घरांतून आलेले प्रभूच्या मेजाशी, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, शेजारी शेजारी गुडघे टेकतात आणि मांडवात आले की पंगत निराळी होते. हे लिहिलं की काही वाचक रागावून पत्रं पाठवतात. पाठवा, मी वाचते.

करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलानं पत्रातून खडसावलं ते पंगतीवरूनच. तिथं ज्यांच्याकडं भरपूर होतं ते आधी जेवूनखाऊन मोकळे होत, काही तर प्यायलेलेही असत, आणि ज्यांच्याकडं काही नव्हतं ते उपाशी. पौल म्हणतो, तुम्ही खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात आहे. पण आपल्याकडं प्रभुभोजनाच्या वेळी तो अध्याय २३व्या वचनापासून वाचतात, ‘ज्या रात्री’पासून. सगळी कानउघाडणी १७ ते २२मध्ये आहे, ती मागेच राहते. तुमच्या पाळकसाहेबांना म्हणावं, पुढच्या वेळी १७पासून वाचा आणि वाचून झाल्यावर दोन मिनिटं काही बोलू नका.

तुमच्या ज्येष्ठांना आणखी एक आठवण करून द्या. आपले पंथ तरी आपण कुठं निवडले होते? नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आलं, जालन्याला स्कॉटिश आले, कोल्हापूर-मिरजेकडं अमेरिकन प्रेस्बिटेरियन, डहाणूकडं ब्रदरन. मिशनांनी मुलूख वाटून घेतले आणि गाव ज्यांच्या वाटणीला गेलं त्यांची रीत ती गावाची रीत झाली. हे सांधायला १९२९पासून बोलणी चालली, तेव्हा कुठं २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. त्यात बिशप मानणारे होते आणि बिशप नकोच म्हणणारे होते. तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देणारे होते आणि कळत्या वयात पाण्यात बुडवूनच द्यायचा म्हणणारे बाप्टिस्टही. कुणी कुणाला हरवलं नाही, बाप्तिस्म्याच्या दोन्ही रिती ठेवल्या. अमेरिकन मेथडिस्टांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं, तरी बाकीचे थांबले नाहीत. एवढे मोठे पेच सुटले. पंगतीबद्दलचं एक कलम तेवढं घटनेत घालायचं राहिलं, असं मला आपलं वाटतं.

तर पुढच्या सणाला चूल एकच. महिला मंडळात हे तुम्हीच मांडा, पंचांची वाट पाहू नका. घरून भाजी आणायची नाही, देवळाच्या आवारात शिजवायची. वर्गणी सगळ्यांना सारखी. कांदा चिरायला डाव्या बाकावरच्या दोघी आणि उजव्या बाकावरच्या दोघी, एकाच चटईवर. वाढायला तरुण पोरं, ती अशा गोष्टी लवकर विसरतात. कुणीतरी म्हणेलच, ‘आमच्यात तिखट जास्त लागतं.’ त्यांच्यासाठी ठेचा वेगळा ठेवा, पातेलं नाही. पहिल्या वर्षी काही जण पोट बरं नाही म्हणून न जेवता घरी जातील. जाऊ द्यात. पुढच्या वर्षी पुन्हा असंच करा.

राहिली फेलोशिप. तिथं प्रेमानं वागवतात, वागवणारच. तिथं अजून पंचांची निवडणूक झालेली नाही. जाऊन बघायला हरकत नाही, पण दोन पातेल्यांना कंटाळून जाऊ नका. तुम्ही गेलात तर एक चूल मागणारं माणूस तुमच्या मंडळीत उरणार नाही. हो, मंडळीत पैशांची अफरातफर दडपली जात असेल, बायकामुलींना त्रास होत असेल आणि तोंड उघडलं की ‘ऐक्य बिघडवू नका’ म्हणत असतील, तर गोष्ट वेगळी. तिथं बिशपांकडं लेखी तक्रार करायची, गरज पडली तर पोलिसांत जायचं. तुमच्या पत्रात तसलं काही दिसत नाही.

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. माझा होणारा नवरा पुण्याचा, सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा). आई म्हणते लग्न आपल्याच देवळात, त्याचे बाबा म्हणतात आमच्यात. मग दोन्हीकडं लावून टाकू का? आणि त्याला मिस्सात, म्हणजे आमच्या उपासनेत, कम्युनियन (प्रभुभोजन) मिळेल का?

उत्तर : दोन्हीकडं लावू नकोस, पोरी. कॅथलिक नियमांत एका लग्नाला वचनं एकदाच घ्यायची असतात, तीच पुन्हा दुसऱ्या देवळात नाही. त्याचा बाप्तिस्मा तुमच्या चर्चला मान्य आहे, म्हणून लागते ती बिशपांची परवानगी, आणि ती फादरांमार्फत मागायची. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी होईल तेवढं करीन, असं वचन तुला द्यावं लागेल. त्याला सही करावी लागत नाही, पण तू काय वचन दिलंस ते त्याला माहीत असायला हवं. ते लग्नाआधीच नीट बोलून घ्या, पहिल्या बाळंतपणात नको. लग्न त्याच्या देवळात, पाळकांच्या हातून लावायचं असेल तर त्यासाठी बिशपांकडून वेगळी सूट मिळू शकते. दुसऱ्या बाजूचे धर्मगुरू येऊन वाचन करू शकतात, प्रार्थना करू शकतात. तेवढ्यानंही व्याह्यांचा मान राहतो.

कम्युनियन सहसा मिळत नाही, म्हणून अशी लग्नं बहुधा मिस्साशिवाय लावतात. तुम्हीही तसंच करा. एकानं उठून पुढं जायचं आणि दुसऱ्यानं बाकावर बसून राहायचं, हे लग्नाच्या दिवशी तरी नको. मला हा नियम टोचतो. पण त्यावर भांडायचं तर बिशपांशी भांडा, सासूशी नाही.

प्रश्न : माझी धाकटी जाऊ माझ्याशी बोलत नाही. तिच्याशी समेट होईपर्यंत प्रभुभोजन घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय. बरोबर ना?
– संगमनेर

उत्तर : अर्धंच बरोबर. प्रभू म्हणाला, भेट वेदीपुढं ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन भेट अर्पण कर. तुम्ही भेट ठेवलीत आणि घरी बसलात. उठा आणि तिच्याकडं जा. जमत नसेल तर कुणाला तरी सोबत न्या. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं बिनसलं तेव्हा पौलानंही तिसऱ्या माणसाला मदत करायला सांगितलं होतं. तरीही ती बोलली नाही तर तुम्ही प्रभुभोजन घ्या, तिच्यासाठी अडून राहू नका. मध्यस्थ मात्र सासूबाई नकोत.