वाचकांचे प्रश्न : पुंगळी कधी कापायची, किती कापायची?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो आणि .308 विंचेस्टरच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीची काडतुसं घरी भरतो. तीनदा वापरलेल्या पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) व्हर्नियरवर मोजल्या, तेव्हा 2.010 इंचांच्या आसपास भरल्या. साइझिंग डायमधून (पुंगळी दाबून पुन्हा मापाला आणणारा साचा) काढल्यावर त्यातल्या बऱ्याच 2.018 झाल्या. कोणता आकडा धरायचा? आणि कमाल लांबीपेक्षा तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त झाल्यानं असं काय बिघडतं?

उत्तर : साइझिंगनंतरचाच आकडा धरा. गोळी झाडल्यावर पुंगळी चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, मापाला फुगते. डाय तिला चहूबाजूंनी दाबते, तेव्हा पितळ तोंडाकडे सरकतं. वर परत येताना डायच्या आतला एक्सपांडरचा मणी पुंगळीची मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) आणखी ताणतो. म्हणून आधी साइझिंग, मग वंगण पुसायचं, मोजायचं, कापायचं आणि प्रायमर त्यानंतर.

.308 ची कमाल लांबी 2.015 इंच (51.18 मिमी), कापून आणायची 2.005 वर (50.93 मिमी). तुमच्या 2.018 च्या पुंगळ्या तशाच भरू नका. चेंबरमध्ये मानेची जागा संपते तिथे पायरी असते. लांब पुंगळीचं तोंड त्या पायरीवर दाबलं जाऊन गोळीभोवती आवळतं, गोळी वेळेत सुटत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. बोल्ट जड लागला तर कळेल, या भरवशावर राहू नका. बोल्टच्या तरफेला इतकं पितळ सहज दाबता येतं.

फक्त लांब पुंगळ्या निवडून कापण्यापेक्षा सगळा लॉट एका मापावर आणा. हाताच्या लेथसारखा ट्रिमर असेल तर .30 कॅलिबरचा पायलट (मानेत शिरून पुंगळी सरळ धरणारी दांडी) लावा, त्यावर तेलाचा एक थेंब द्या, एका पुंगळीवर माप बसवा आणि दर दहा-बारा पुंगळ्यांनंतर एक मोजून पाहा. माप दोन-तीन थाऊनं मागेपुढे होत असेल तर पहिला संशय कटरवर नको, कॉलेटवर (पुंगळीचं बूड धरणारी पकड) घ्या: तिथे कीस अडकलेला असतो, नाहीतर रिमला (बुडाच्या कडेला) एक्स्ट्रॅक्टरनं, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्यानं, ओरखडून बर (धातूची खरखरीत कड) उठलेली असते आणि पुंगळी तिरकी बसते. पुंगळीच्या खांद्यावर (मानेखालचा उतार) टेकणारा ट्रिमर असेल तर साइझिंग एकसारखं हवं, कारण खांदा जितका हलेल तितकी लांबी हलेल.

कापल्यावर तोंडाला आतून-बाहेरून बर राहते. आतून चॅम्फर टूलचे (कड तासणारं हत्यार) दोन-तीन हलके फेरे, बाहेरून फक्त बर निघेपर्यंत. जोर लावून फिरवलंत तर कड सुरीसारखी पातळ होते आणि तोंड लवकर चिरतं. शेवटी पुंगळी उलटी आपटून कीस झाडा.

आता खरी काळजीची गोष्ट. मानेत वाढलेलं पितळ मागून आलेलं असतं, त्यातलं बरंचसं बुडाच्या जरा वरच्या भिंतीतून, आणि ती भिंत पातळ होत जाते. पेपरक्लिप सरळ करून टोक काटकोनात वाकवा, आत सोडा आणि भिंतीला टेकवून बुडापासून वर ओढा. टोक एखाद्या खाचेत अडकलं, किंवा बाहेरून त्या जागी चकचकीत कडं दिसलं, तर ती पुंगळी पक्कडीनं चेपून भंगारात टाका. पुढच्या बारात ती तिथेच तुटू शकते. प्रत्येक फेरीत आठ-दहा थाऊ कापावे लागत असतील तर डाय गरजेपेक्षा खाली बसवलेली असण्याची शक्यता जास्त. बोल्ट-ॲक्शनला खांदा एक-दोन थाऊ मागे गेला की पुरे.

प्रश्न : हे भारतात घरी करता येईल का?

उत्तर : परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो; रायफल परवान्याची आहे एवढं त्याला पुरत नाही.

प्रश्न : 9 मिमी पिस्तुलाच्या पुंगळ्याही कापाव्यात का?

उत्तर : सहसा गरज पडत नाही. त्या वापरागणिक लांब होण्याऐवजी किंचित आखूड होतात, आणि चेंबरमध्ये तोंडावरच टेकत असल्यामुळे जास्त कापणं उलट वाईट. .38 स्पेशलची गोष्ट वेगळी. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं तोंड गोळीच्या खाचेत वळवून क्रिम्प करतात. लांबी कमीजास्त असेल तर एका डाय-सेटिंगवर कुठे क्रिम्प घट्ट, कुठे ढिला बसतो. तिथे लॉट एकदा एकसारखा कापून घ्या. कमाल लांबी 1.155 इंच.