सुट्टीतली तू आणि मंगळवारची तू

अगं, तुझा मेसेज वाचला. तीन दिवसांची सुट्टी, जुनी मित्रमंडळी, काही ठरलेलं नाही, आणि त्यात कोणीतरी काढलेली ही टूम की शेवटच्या रात्री सगळ्यांनी गोल करून बसायचं, नव्या वर्षाचे संकल्प लिहायचे आणि एकेकाने मोठ्याने वाचून दाखवायचे. आणि तुझा प्रश्न, की मी काय लिहू, मागच्या वर्षीचं तर एकही तडीस गेलं नाही. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितेय, प्रवासात वाच.

माझं मत आधीच सांगून टाकते. त्या रात्री संकल्प करूच नकोस. पुढच्या आठवड्यात कर, कामावरून दमून आल्यावर.

कारण असं बघ, सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी जी तू असतेस ना ती वेगळीच बाई असते. झोप पूर्ण झालेली, ऑफिसचा फोन नाही, आजूबाजूला हसवणारी माणसं, दिवसभरात ठरवायचं काय तर पुढचा चहा कधी. ही बाई अगदी सहज म्हणते की रोज पहाटे साडेपाचला उठेन, महिन्याला चार पुस्तकं वाचेन, नवीन भाषा शिकेन. तिला काय जातंय म्हणायला? करायचं असतं ते मंगळवारच्या तुला, जिची झोप अर्धवट झालीये, जिच्यावर बॉस उखडलाय, जिला घरी पोचायला उशीर झालाय आणि अजून कपडे वाळत घालायचेत. आणि त्या मंगळवारच्या तुला कोणी विचारलेलंच नसतं. जॉर्ज लोवेनस्टाइन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, की माणूस एका मनःस्थितीत असताना दुसऱ्या मनःस्थितीत आपण कसे वागू याचा त्याला नीट अंदाजच येत नाही. पोटभर जेवून उठल्यावर उद्याचा डबा ठरवायला बसलं की अर्धा डबा पुरेल असं वाटतं, तसलाच प्रकार. म्हणून दरवर्षी पहिले पाढे पंचावन्न होतात, आणि आपण स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. आळस असेलही थोडा, नाही कशाला म्हणू, पण खरी मेख ठरवण्याची वेळ चुकते तिथे आहे.

मग सुट्टीत काय करायचं? काही नाही. खरंच काही नाही. तुमच्या ग्रुपमध्ये एक जण असणारच ज्याला तासातासाचं टाइमटेबल लागतं, त्याला प्रेमाने सांगा की बाबा रे दिवसाला एक गोष्ट ठरव, बाकी दिवस मोकळा सोड. खर्च आणि कामं मात्र पहिल्याच संध्याकाळी उघडपणे बोलून घ्या, भांडी कोण, सामान कोण, पैसे कसे वाटायचे. रिलॅक्स वीकेंडचा विचका बहुतेक वेळा असल्याच फालतू गोष्टींवरून होतो, एकच जण सगळं आवरत बसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा चेहरा उतरलेला असतो आणि बाकीच्यांना कळत नाही काय बिघडलं.

आणि एकदा हे झालं की तू फक्त स्वतःकडे बघ, जरा चोरून, दुसऱ्या कोणाकडे बघावं तसं. कोणी सांगितलेलं नसताना तू काय केलंस? सकाळी कोणाबरोबर तरी चालत गेलीस आणि तास कसा गेला कळलं नाही? फोन दुसऱ्या खोलीत विसरला आणि संध्याकाळपर्यंत आठवलाही नाही? कोणाशी बोलल्यावर हलकं वाटलं आणि कोणाशी बोलल्यावर उगाच आपण मागे पडलोय असं वाटायला लागलं? हे जे निरीक्षण आहे ना ते सोनं आहे, कारण एरवी वर्षभर आपल्याला काय आवडतं हे बघायलाच मिळत नाही, काय करायला हवं याचीच यादी डोळ्यासमोर असते. फोनमध्ये एक नोट उघड आणि दोनतीन ओळी टाक. 'सुधारणा करायची' असं काही लिहायचं नाही, नुसतं काय घडलं ते. सकाळी चाललो, बरं वाटलं. बास.

आता तू म्हणशील की पण मग 1 जानेवारी निघून जाईल. जाऊ दे की. ती तारीख काही आकाशातून पडलेली नाही. रोमन लोकांनी इ.स.पू. 153 पासून त्यांच्या कॉन्सुलना, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना, 1 जानेवारीला पदावर बसवायला सुरुवात केली, म्हणजे मुळात सरकारी कारभाराची सोय. इंग्लंडमध्ये तर 1752 येईपर्यंत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. नव्या सुरुवातीचा जोर येतो हे मात्र खरं आहे, हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांचा 2014 चा अभ्यास आहे त्यावर, पण त्यात असं दिसलं की तो जोर फक्त नव्या वर्षालाच येत नाही, आठवड्याच्या सुरुवातीला, महिन्याच्या सुरुवातीला, स्वतःच्या वाढदिवसानंतर, असा तो पुन्हा पुन्हा येत राहतो. त्यामुळे जानेवारीतला दुसरा सोमवार घेतलास तरी काही बिघडत नाही.

तर त्या नंतरच्या आठवड्यात, चांगली दमलेली असशील अशा एका संध्याकाळी ती नोट उघड आणि मंगळवारच्या तुला विचार की यातलं तुला काय झेपेल. ती जे हो म्हणेल ते बहुतेक फारच छोटं असेल, हसू येईल इतकं. तेच घे. आणि एकच घे. आणि ते लिहिताना कधी आणि कशानंतर हेही लिही. 'व्यायाम करेन' असं मोघम नको, 'कामावरून आले की चप्पल न काढता तशीच दहा मिनिटं चालून येईन' असं लिही. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने हे अमुक झालं की तमुक करायचं पद्धतीचं ठरवणं बरीच वर्षं अभ्यासलंय आणि नुसत्या चांगल्या इच्छेपेक्षा ते जास्त टिकतं. दुसरं, 'हे सोडेन ते बंद करेन' पेक्षा 'हे करेन' असं धर. स्वीडनमध्ये हजारावर लोकांचे नव्या वर्षाचे संकल्प वर्षभर तपासले होते, 2020 मध्ये ते छापून आलं, त्यात काहीतरी करण्याचा संकल्प केलेल्यांपैकी जवळपास 59 टक्के लोकांनी आपण यशस्वी झालो असं सांगितलं आणि काहीतरी टाळण्याचा केलेल्यांपैकी 47 टक्के. लोकांनी स्वतःच सांगितलेलं आहे हे, त्यामुळे थोडं जपूनच विश्वास ठेवायचा, पण फरक आहे.

आणि ते 21 दिवसांचं खूळ डोक्यातून काढ प्लीज. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा प्लास्टिक सर्जन होता, त्याने 1960 मध्ये लिहिलं होतं की पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात, आणि त्यातलं 'किमान' कधी गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी पहाटेचं उठणं कधी आलं कोणास ठाऊक. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांवर केलेला अभ्यास आहे, त्यात सवय अंगवळणी पडायला लागणारे दिवस निघाले 18 पासून 254 पर्यंत, मधला आकडा 66. म्हणजे तुला बाविसाव्या दिवशीही जड जात असेल तर तुझ्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडत नव्हता. आपण मात्र एक दिवस बुडाला की आता काय मोडलंच म्हणून अख्खा महिना सोडून देतो.

आता त्या वाचून दाखवण्याच्या कार्यक्रमाचं. गंमत म्हणून बसा, मजा येते, पण खरं काहीतरी तिथे जाहीर करू नकोस. गोलवित्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच 2009 मध्ये दाखवलं होतं की आपल्या ओळखीशी जोडलेलं काही ठरवलं आणि दुसऱ्यांनी त्याची दखल घेतली की पुढे प्रत्यक्ष मेहनत कमी होते, अर्धं श्रेय आधीच पदरात पडल्यासारखं होतं ना. शिवाय घोळक्यात स्पर्धा लागते, पहिल्याने दहा किलोमीटर म्हटलं की दुसरा एकवीसच म्हणतो. तुझी पाळी आली तर बिनधास्त सांग की माझं अजून ठरायचंय. कोणी आग्रह धरलाच तर त्यांना सतराव्या शतकातल्या सॅम्युअल पीप्सची गोष्ट सांग. हा इंग्लंडच्या नौदलाचा अधिकारी, रोजनिशी लिहायचा. वाइन आणि नाटकं सोडण्याच्या शपथा घ्यायचा, मोडल्या की गरिबांच्या पेटीत दंड भरायचा, आणि 1663 च्या एका मेजवानीत मसालेदार गोड वाइन प्यायला आणि वर लिहून ठेवलं की माझ्या मते हे मिश्रण आहे, वाइन नव्हे. साडेतीनशे वर्षांत माणूस फारसा बदललेला नाही, पळवाटा तेवढ्या नवीन. (तुझी 'एकच एपिसोड' वाली पळवाट मला माहितीये.)

सगळ्यांना सांगू नको म्हणतेय याचा अर्थ कोणालाच सांगू नको असा नाही. एकाला सांग. ज्याच्याबरोबर सकाळी चालायला गेली होतीस त्यालाच सांग, आणि त्याच्याकडून शाबासकी घ्यायची नाही, दर रविवारी फक्त एक प्रश्न विचारून घ्यायचा की या आठवड्यात झालं का. हो किंवा नाही. नाही म्हटलंस तर त्याने लेक्चर द्यायचं नाही हेही आधीच ठरवून टाक, मित्रांना लेक्चर द्यायची भारी हौस असते आणि मग आपण खोटं हो म्हणायला लागतो.

अजून एक, आणि हे त्या सगळ्या संकल्पांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं. वर्षभरात सगळ्यात आधी जे गळतं ते व्यायाम नसतो, तुम्ही लोक असता. 'भेटूया रे लवकर' म्हणून निघायचं आणि मग ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक आणि फॉरवर्ड. सगळे एका ठिकाणी असताना तारीख ठरायला पाच मिनिटं लागतात आणि घरी गेल्यावर तीच तारीख तीन महिने ठरत नाही. म्हणून शेवटच्या रात्री त्या संकल्पांच्या खेळाऐवजी सगळ्यांनी कॅलेंडर उघडा आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच टाका, जागा नंतर बघता येईल, कोणाला एखादा दिवस जमणार नसेल तर तो दीड दिवसच येईल, पण तारीख टाका. टाइमटेबलवाल्याला याच कामाला लाव, तो खूश होईल.

परत आल्यावर तुझ्या त्या नोटमधल्या ओळी मला पाठव. जशा असतील तशा, नीट करून लिहीत बसू नकोस.