आधी कागद, मत नंतर

गो बाय,

दफ्तरातलं, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहातलं काम सोडून बीएड करू का, हा तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगतो, रागच आला. तुझा नाही, ज्याने तुझ्या डोक्यात भरवलं की दफ्तरात बसून कागदांच्या सूच्या करणं म्हणजे कारकुनी आणि पुस्तक लिहितो तोच इतिहासकार, त्याचा. घरचे बीएड कर म्हणतात ते समजू शकतो, कॉन्ट्रॅक्टच्या नोकरीवर कोणाच्या आईबापांना झोप लागते. पण तो तुझा मित्र म्हणतो की गोव्याचे इतिहास-संशोधक पिसुर्लेकर म्हणजे पोर्तुगीज सरकारचे नोकर, त्यांचं काय एवढं कौतुक, याचं उत्तर द्यायलाच हवं.

पांडुरंग पिसुर्लेकर १८९४ साली जन्मले ते तुझ्याच सत्तरी तालुक्यात, पिसुर्ले गावात. पोर्तुगीज शिकले, आणि नुसती कामापुरती नाही, त्यांचं बहुतेक मोठं काम त्याच भाषेत आहे. (तू 'मी मराठी मीडियमची, मला पोर्तुगीज कुठे जमणार' हे पुन्हा लिहू नको, मला वाचवत नाही.) गोव्यातल्या ज्या दफ्तराची सुरुवात १५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु यांच्यापासून झाली ते १९३१ ते १९६१ त्यांनी सांभाळलं. हो, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत. मग? १९५५ मध्ये गोवा मुक्तीचे सत्याग्रही सरहद्दीवर गोळ्या झेलत होते आणि त्याच सुमारास, १९५३ ते ५७, हा माणूस गोव्याच्या राज्य कौन्सिलच्या बैठकांचे १६१८ ते १७५० चे ठराव पाच खंडांत छापून काढत होता. राज्यकर्ते बंद खोलीत काय बोलले, कोणाला घाबरले, कुठे पैसा नव्हता, ते त्यांच्याच शब्दांत, सगळ्यांसमोर. ५५ मध्येच गोव्यातल्या कुठल्या दफ्तरात काय आहे याची मार्गदर्शिका काढली. मी तर म्हणतो त्या मार्गदर्शिकेने दहा ग्रंथांइतकं काम केलं.

आधी कागद लोकांपुढे ठेव, मत नंतर. मला एवढंच सांगायचंय आणि मी ते परत परत सांगणार.

१६८३ चंच घे. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्वोर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि हात हलवत परत आला, नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवें बेट घेतलं, राजधानीच्या अगदी तोंडावर. यावर आज व्हॉट्सॲपवर रोज कोणीतरी छाती ठोकून लिहितो. त्यातल्या किती जणांनी त्या वर्षाचे ठराव उघडून बघितलेत? शेजारच्या राजांना गेलेल्या पत्रांच्या वह्या? मान्सूनच्या जहाजांनी लिस्बनला ये-जा करणारा पत्रव्यवहार? मतं ढिगाने पडलीयत गो, वाचलेला कागद कमी आहे.

माझं म्हणशील तर माझ्या नावावर पुस्तक एकच, तेही पातळ. लोक तोंडावर विचारतात, इतकी वर्षं केलंस काय. मी मोडी कागद उतरवले, पोर्तुगीज वह्यांच्या सूच्या केल्या, शाईने आरपार खाल्लेल्या पानांवरून तारखा लावल्या. एका नावाजलेल्या माणसाने माझी लिप्यंतरं पानंच्या पानं वापरली आणि ऋणनिर्देशात माझं नाव नाही. वाईट वाटलं, अजून वाटतं, कशाला लपवू. पण ते कागद आज वाचले जातात, विद्यार्थी तेच क्रमांक देतात, आणि मी तेव्हा सूची सोडून माझं पुस्तक धरलं असतं तर ते रुमाल, कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, अजून गाठ मारलेलेच असते. मी बरोबर केलं. हे मी तुला पटवतोय की मला, ते तू ठरव, पण केलं ते बरोबरच.

जिवाला लागलेली गोष्ट दुसरीच आहे. सरकारी दफ्तराला निदान छप्पर आहे. देवळांतली, गावकारीची म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थांची, जुन्या घरांच्या माळ्यावरची बाडं, ती राहून गेली. पावसात भिजली म्हणून जाळली, घर पाडताना कचऱ्यात गेली, वाळवीने खाल्ली. मी पोचेपर्यंत नसायची. तू सत्तरीतली आहेस, तुला लोक घरात घेतील, माळ्यावर चढू देतील, आजीला विचारून पेटी उघडतील. पणजीहून गेलेल्याला ते मिळत नाही. म्हणून तुझ्यामागे लागलोय, उगाच नाही.

आणि हो, मोडी येते म्हणून पोर्तुगीज टाळू नको, पोर्तुगीज शिकलीस म्हणून मोडी सोडू नको. आपल्याकडे एकाच भांडणाचे अर्धे कागद या लिपीत आणि अर्धे त्या. एकच बाजू वाचून लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यात भर नको.

बीएड करायचं तर कर, शिकवणं वाईट नाही. पण आधी हातातला रुमाल पुरा कर, अर्धी सूची दुसऱ्याच्या काही कामाची नसते. पुढच्या आठवड्यात पणजीत आहे, सूचीची झालेली पानं घेऊन ये. तारीख, कोणाकडून कोणाला, गाव, विषय, एवढी घरं भर आणि शेऱ्याचं घर सध्या रिकामं ठेव. तुझ्या बाबांशी मी बोलतो, नंबर पाठव.

तुझा,
काका